बहात्तरची खडी

१९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्र सरकारच्या दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसांची हजेरी लागत होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर भरली होती. म्हणजे तान्ह्या पोरापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे धरले तरी दहातला एक जण सरकारी मस्टरवर होता. मराठवाडा, नगर, सोलापूर आणि पुणे-सातारा-सांगलीचे पूर्वेकडचे तालुके एवढाच भाग घेतला, तर कामावर न गेलेलं घर शोधावं लागलं असतं. कुणी पाझर तलावाची माती वाहत होतं, कुणी नालाबंडिंगवर होतं, कुणी रस्त्याच्या भरावावर. पण फार मोठा भरणा खडीवर होता. काळा दगड घणाने फोडायचा, हातोडीने बारीक करायचा, ढीग रचायचा आणि मुकादमाकडून मोजून घ्यायचा. माप ब्रासचं. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास.

त्या उन्हाळ्यात फुटलेल्या खडीतली बरीचशी पुढे रस्त्यांच्या कडेला तशीच पडून राहिली. ज्यांच्यावर ती पसरायची त्या सडकांचा पत्ताच नव्हता.

बहात्तरचा दुष्काळ आपल्याकडे दोन तऱ्हांनी सांगितला जातो. घरातली म्हातारी माणसं सांगतात ती मिलोची, सुकडीची, विकलेल्या बैलांची हकिगत. पुस्तकं सांगतात ती रोजगार हमीची, म्हणजे संकटातून निघालेल्या एका मोठ्या कायद्याची यशोगाथा. दोन्ही खऱ्या आहेत. मात्र या दोहोंच्या मधे एक भांडण आहे, त्याची आठवण कमी निघते. एवढे हात कामाला लावायचे हे सगळ्यांना मान्य होतं. लावायचे कोणत्या कामाला, यावर ते भांडण होतं.

त्याची सुरुवात शंभर वर्षं मागे आहे. १८७६ साली दख्खनमध्ये पावसाने दगा दिला आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने दुष्काळी मुलखाच्या पाहणीवर सर रिचर्ड टेंपल यांना धाडलं. ही निवड मासलेवाईक होती. तीन वर्षांपूर्वी बिहारकडे दुष्काळ पडला, तेव्हा याच टेंपलसाहेबांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून सढळ हाताने खर्च केला होता. माणसं फारशी मेली नव्हती, आणि सरकारचा पैसा उधळला म्हणून त्यांची खरडपट्टी निघाली होती. तो धडा घेऊनच ते दख्खनमध्ये उतरले. जानेवारी १८७७ मध्ये त्यांनी मजुरी छाटली. धडधाकट पुरुषाने दिवसभर काम केलं की त्याला एक रत्तल धान्य, म्हणजे आजच्या मापाने साडेचारशे ग्रॅम, आणि वर किरकोळ पैसे. एवढ्यावर राबणारा माणूस जगतो का, हे सरकार आजमावून पाहणार होतं.

दख्खनच्या कुणब्याने आजमावू दिलं नाही. मुंबई इलाख्यातल्या कामांवरून माणसं उठून जाऊ लागली आणि हा आकडा बघता बघता लाखाच्या घरात गेला. पोटात अन्न नसताना केलेला हा संप आपल्या कामगार चळवळीच्या इतिहासात कुठे मोडतो, हे इतिहासकारांनी ठरवावं. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि महादेव गोविंद रानडे यांच्या मंडळीने, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवली आणि सरकारकडे पत्रांवर पत्रं रवाना केली. तिकडे जुन्नर-ओतूर भागातून सावित्रीबाई फुले जोतीरावांना पत्राने कळवत होत्या, की सत्यशोधक कार्यकर्त्यांनी समित्या करून मदतीचं काम हाती घेतलं आहे. पुण्याजवळ धनकवडीला सत्यशोधक समाजाने दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम काढला. वासुदेव बळवंत फडके याच दिवसांत हा मुलूख फिरले, आणि १८७९ मध्ये त्यांनी बंड केलं. टेंपलसाहेब मात्र दरम्यान मुंबईचे गव्हर्नर झाले होते.

लाखो माणसं गेल्यावर कमिशन बसलं. रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालच्या या कमिशनने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यातून प्रांतोप्रांतीचे फॅमिन कोड तयार झाले. दुष्काळाची चाहूल कशी ओळखायची, कसोटीची कामं केव्हा उघडायची, गावांची तपासणी कुणी करायची, काम न होणाऱ्याला फुकट अन्न कसं पोचवायचं, हे सगळं कलमवार लिहिलं गेलं. माणूस जगवणं ही सरकारची जबाबदारी आहे, हे कागदावर आलं. लहान गोष्ट नव्हती ती. पण या कोडाच्या पोटात एक संशय दडलेला होता: काम सोपं ठेवलं आणि मजुरी पुरेशी दिली तर गरज नसलेलेही येतील. म्हणून काम कष्टाचं हवं आणि मजुरी जेमतेम हवी. खरा गरजू कोण, हे त्याच्या सोसण्यावरून ठरणार. या तत्त्वाला खडीइतकं सोयीचं काम दुसरं नव्हतं. आखणी नको, जमीन ताब्यात घ्यायला नको, इंजिनियर नको. दगड सगळीकडे आहे आणि ढीग मोजता येतो.

१८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी याच कोडाचा वेगळा उपयोग केला. कोडात लिहिलेलं तुमचं हक्काचं आहे, ते मागा, असं 'केसरी'तून आणि सार्वजनिक सभेच्या माणसांकरवी ठाणे-कुलाब्यापर्यंतच्या रयतेला सांगितलं गेलं. सारासूट कुणाला मिळते, काम कुणी द्यायचं, हे लोकांना मराठीत वाचून दाखवायचं, एवढंच ते काम. सरकारला ते चिथावणीचं वाटलं आणि काही कार्यकर्त्यांवर खटले झाले. कलेक्टरच्या कपाटातलं पुस्तक गावच्या चावडीवर येतं तेव्हा काय होतं, याची ती पहिली चुणूक होती.

स्वातंत्र्यानंतर कोड राहिला, नावं बदलली. १९६३ मध्ये तर महाराष्ट्राने कायदा करून राज्याच्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच वगळला. आता टंचाई पडेल, दुष्काळ पडणार नाही, असा त्यामागचा भरवसा. त्याच वर्षाच्या अखेरीस वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. धान्यात राज्य स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या, असं त्यांनी पुण्यात जाहीर सभेत सांगून टाकल्याचं जुने लोक अजून सांगतात. संकरित ज्वारी आली होती, विहिरींवर इंजिनं बसत होती, नेत्यांना धीर होता.

मग १९७० ला पाऊस ओढला. १९७१ ला पुन्हा. १९७२ ला तर मृगाचाही भरवसा राहिला नाही, आणि परतीच्या पावसानेही तोंड फिरवलं. ते अल निनोचं वर्ष होतं; देशभरच मान्सून सरासरीच्या जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी पडला. पर्जन्यछायेतल्या तालुक्यांत खरीप गेला, ओल नाही म्हणून रब्बीची पेरणीच झाली नाही. दख्खनचा काळा पाषाण पाणी धरतो तो वरच्या झिजलेल्या थरात. तीन वर्षं तो थर भरला नाही, तेव्हा विहिरींचे तळ उघडे पडले. बहात्तरचं वेगळेपण इथेच आहे. एका वर्षाची नापिकी शेतकरी कणगीतल्या दाण्यावर आणि सावकारावर काढतो. तिसऱ्या वर्षी कणगी रिकामी असते आणि सावकारही दार उघडत नाही.

बाहेरची हवाही वाईट होती. अमेरिकेकडून सवलतीत येणारा पीएल-४८० चा गहू १९७१ च्या अखेरीस थांबला होता. १९७२ मध्ये सोव्हिएत रशियाने अमेरिकेच्या बाजारातून प्रचंड गहू उचलला आणि जगभर धान्य कडाडलं. केंद्र राज्याला धान्य कबूल करत होतं, पण प्रत्यक्षात येणारा कोटा कमी भरत होता. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात धान्य नेण्यावर बंदी होती. १९७३ च्या वसंतात केंद्राने गव्हाचा घाऊक व्यापार ताब्यात घेऊन पाहिला आणि तो प्रयोग पार फसला. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या महागाई प्रतिकार समितीच्या बायका हातात लाटणी घेऊन मोर्चे काढत होत्या. शहरातली लाटणी आणि खेड्यातल्या हातोड्या एकाच वर्षातल्या आहेत, हे आपण सहसा जोडून पाहत नाही.

रेशनवर मिलो आली. ही परदेशातून आलेली तांबूस ज्वारी. एरवी ती जनावरांना घालतात, असं लोकांत बोललं जाई. भाकरी थापताना ती चिरे, तव्यावर तुटे, गार झाली की चिवट होई. ज्यांनी ती खाल्ली त्यांच्या बोलण्यात मिलोचं नाव आजही तोंड वाकडं करूनच येतं. कामावर सुकडी मिळे. भाजलेल्या पिठाचं हे गोडसर, कोरडं खाणं पोरं मुठी भरभरून खात. बायका आपल्या वाट्याची पदराच्या गाठीत बांधून घरी नेत, कारण घरी म्हातारी असे.

खडीवरचा दिवस उजाडायच्या आधी सुरू होई. उन्हं चढली की दगड हातात धरवत नसे. पुरुष घणावर, बायका हातोडीवर, अशी साधारण वाटणी. पण कामावरच्या माणसांत बायका निम्म्याच्या आसपास होत्या आणि पुष्कळ ठिकाणी घणही त्यांच्याच हातात होता. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, दगड पायाच्या अंगठ्याशी दाबून धरायचा, आणि कपची उडाली की डोळा चुकवायचा. बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी, तिच्यात पोर. आजवर कधी दुसऱ्याच्या बांधावर पाऊल न टाकलेल्या पाटलिणीही याच रांगेत बसल्या. तोंड झाकून बसल्या, पण बसल्या. जात पाहून पाणी देणारे इथे एका टँकरपुढे घागर घेऊन उभे राहिले. यातून समता आली असं लिहिण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. टँकरपुढच्या रांगेतही दलितांची घागर मागे सारल्याच्या हकिगती आहेत.

संध्याकाळी मुकादम फूटपट्टी घेऊन येई. ढीग वरून सपाट हवा, कडा सरळ हव्यात, मधे पोकळी नको. टोळीचं काम मोजून मजुरी निघे आणि ती माणशी दिवसाला दोन-तीन रुपयांच्या आसपास पडे. पगार आठवड्याला व्हायचा. कधी पंधरवड्याला, कधी महिनाभर नाही. मस्टरवर खोटी नावं चढत. मेलेला माणूस हजेरी लावून जातो, हा विनोद बहात्तरच्या कामांवर जन्मला नसेल, पण बाळसं त्याने तिथेच धरलं. दांडगाई करणाऱ्या मुकादमाला बायकांनी घेरल्याचे प्रसंगही झाले. मजुरी वाढवा, पगार वेळेवर द्या, काम गावाजवळ द्या, असे मोर्चे मामलेदार कचेऱ्यांवर रोजचे झाले. शेतकरी कामगार पक्ष, लाल निशाण, समाजवादी, कम्युनिस्ट, सगळ्यांनी दुष्काळी कामांवर संघटना बांधल्या. शहाद्याकडे आदिवासींची श्रमिक संघटना उभी राहिली तीही याच वर्षी.

या रेट्याला महत्त्व आहे. त्याच काळात आफ्रिकेत, सहाराच्या दक्षिण कडेच्या साहेल पट्ट्यात, असाच लांबलेला अवर्षणकाळ चालू होता आणि तिथे माणसं मोठ्या संख्येने मेली. पुढे ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी दोन्हींची तुलना केली, तेव्हा चमत्कारिक गोष्ट दिसली. माणशी धान्याचा हिशेब लावला तर महाराष्ट्राची स्थिती साहेलहून चांगली नव्हती, उलट वाईट होती. तरी इथे भूकबळींची लाट आली नाही. कारण धान्याइतकंच ते विकत घेण्याच्या ऐपतीत होतं. हातात रोख मजुरी आली की बंदी झुगारून धान्य शेजारच्या राज्यांतून बैलगाडीने, सायकलीने, डोक्यावरून येत राहिलं. व्यापाऱ्याने ते धर्म म्हणून आणलं नाही. गिऱ्हाईक होतं म्हणून आणलं. आणि गिऱ्हाईक होतं कारण मामलेदाराच्या दारात रोज मोर्चा उभा होता. वर्तमानपत्रं होती, विरोधी पक्ष होते, निवडणुका होत्या. जुन्या कोडाचा सांगाडा होता, पण त्यात जीव ओतला तो मागणाऱ्यांनी.

माणसं वाचली. जनावरं मात्र फार गेली. चाऱ्याअभावी खिलारी बैल मातीमोलाने विकले गेले, दुभती जनावरं खाटकाकडे गेली. तांब्या-पितळेची भांडी मोडीत निघाली. कित्येकांनी मुंबई-पुण्याची वाट धरली ती परत गावाला आलेच नाहीत.

आणि खडी उरली.

इथे वि. स. पागे यांच्याकडे वळायला हवं. पागे सांगली जिल्ह्यातल्या तासगावकडचे. १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती. गांधीविचाराचे, अध्यात्माची ओढ असलेले, आवाज न चढवणारे गृहस्थ. दुष्काळ पडायच्या कितीतरी आधी, १९६५ मध्ये, त्यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक प्रयोग सुरू करवला होता. गावातल्या ज्यांना काम हवं त्यांना काम द्यायचं, आणि ते गावाच्याच जमिनीवर द्यायचं: बांध, विहिरी, जमीन सपाटीकरण. पाग्यांचा हिशेब साधा होता. कोरडवाहू गावात वर्षातले निम्मे दिवस हात रिकामे असतात. त्याच गावात माती वाहून जाते आणि पाणी ओढ्याने निघून जातं. रिकामे हात आणि वाहणारी माती एकमेकांना भेटवून द्यायची, तीही दुष्काळाची वाट न पाहता, दर वर्षी. कोडातला संशय यात कुठेही नव्हता. काम मागायला येणाऱ्याची परीक्षा घ्यायची नाही, त्याच्याकडून गावाचं काम करून घ्यायचं.

ही योजना हळूहळू वाढत १ मे १९७२ ला राज्यभर लागू झाली आणि तिच्यावर लगेच दुष्काळ कोसळला. दुष्काळी कामांच्या धबडग्यात मूळ योजना बाजूला पडली. आपत्तीच्या वेळी कामांची तयार यादी नसेल तर काय होतं, ते मग दिसलं. आराखडे काढायला वेळ नव्हता, उद्या सकाळी हजारभर माणसं उभी राहणार होती, आणि जवळ दगड होता. बहात्तरच्या खडीला दोष देताना हे विसरू नये. तहसीलदाराने खडी निवडली ती दुष्टपणाने नाही. पाझर तलावाची जागा पाहून ठेवण्याचं काम १९६८ मध्ये व्हायला हवं होतं, ते झालं नव्हतं.

पाऊस परतल्यावर योजना पुन्हा उभी राहिली. पैशाची सोय वेगळ्याच तऱ्हेने झाली. १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला. मुंबई-पुण्याच्या नोकरदारांच्या आणि धंदेवाल्यांच्या खिशातून तो निघणार, आणि जमेइतकीच रक्कम सरकार स्वतःची घालणार. शहराने खेड्याच्या मजुरीचा वाटा उचलायचा असा हा करार. आजही राज्यातल्या पगारदाराच्या पावतीवर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसतात. वर्षाचे अडीच हजार. विचारलं तर दहातल्या नऊ जणांना हा पैसा कशासाठी सुरू झाला ते सांगता येणार नाही.

१९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातल्या कोणत्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं तर पंधरा दिवसांत ते द्यायचं, नाहीतर बेकारभत्ता द्यायचा. भत्ता तेव्हा दिवसाला रुपया होता, म्हणजे नावापुरताच. पण सरकारने काम दिलं नाही तर सरकार देणं लागतं, हे भारतात कायद्याने पहिल्यांदाच म्हटलं जात होतं. साधारण पन्नास मजूर जमले की काम उघडायचं. कामावर पाण्याची, सावलीची, लहान मुलं सांभाळण्याची सोय करायची. ही शेवटची कलमं कागदावर आली ती कुणाच्या झोळ्या पाहून, हे सांगायला नको. 'मागेल त्याला काम' हे घोषवाक्य तिथून घराघरांत गेलं. त्याच्या पाठोपाठ 'रोजगार हमी, अर्धं तुम्ही अर्धं आम्ही' हेही गेलं. दुसरं पहिल्यापेक्षा जास्त ऐकू येई, ते खोटंही नव्हतं. तरी ऐंशीच्या दशकात कोरडवाहू तालुक्यांतल्या लाखो घरांचा उन्हाळा याच मस्टरवर निघाला. २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी कायदा केला, तेव्हा पुढ्यात महाराष्ट्राचा पंचवीस वर्षांचा अनुभव होता.

दुष्काळातून आणखी दोन वाटा फुटल्या. एक खाली जाणारी. जालन्याला स्कॉटलंडच्या चर्चचं मिशन होतं. काळ्या पाषाणाला भोक पाडून खोलवरचं पाणी काढायची यंत्रं त्या काळात येऊ लागली होती, पण वर बसवलेले बिडाचे हातपंप महिन्याभरात मोडत. ते परदेशात एका घराच्या वापरासाठी घडवलेले, इथे अख्खं गाव दिवसभर त्यांच्यावर लोंबकळणार. जालन्याच्या मिशनमधल्या कारागिरांनी पंपाचा माथा पोलादाचा करून घेतला, सोलापूरच्या वेल सर्व्हिसने त्यात सुधारणा केल्या, आणि युनिसेफच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यातूनच 'इंडिया मार्क-२' हा हातपंप घडला. आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांतही तो पोचला. बायकांचे मैलोन्मैलांचे हेलपाटे त्याने वाचवले यात वाद नाही. पण बोअरचं तंत्र हातपंपापाशी थांबलं नाही. मोटारी आल्या, ऊस आला, आणि ज्या खोलीवर कधी कुणाचा हात पोचला नव्हता तिथलं पाणीही उपसलं जाऊ लागलं.

दुसरी वाट पुरंदरची. पुण्यातले कारखानदार इंजिनियर विलासराव साळुंखे १९७२ मध्ये दुष्काळी कामं पाहायला गेले आणि त्यांना पडलेला प्रश्न नेमका पाग्यांचाच होता: एवढी माणसं दगड का फोडताहेत? नायगावला देवस्थानची चाळीस एकर उताराची जमीन त्यांनी दीर्घ मुदतीने कसायला घेतली आणि उतारावर बांध घालून, खाली तळं करून, पाणी अडतं हे करून दाखवलं. पाणी अडवणारे बरेच झाले. साळुंख्यांची खरी झेप पाणी वाटण्यात होती. त्यांच्या पाणी पंचायतीत पाणी जमिनीवर मोजायचं नव्हतं, माणसांवर मोजायचं होतं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकराचं. ज्याला जमीन नाही त्यालाही हक्क. जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर विकलं जाणार नाही. आणि ऊस लावायचा नाही. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात हा शेवटचा नियम म्हणजे उघड उघड भांडण होतं. सरकारी धोरणाने तो कधी मनापासून स्वीकारला नाही.

भांडणाचा पुढचा फेरा सांगली जिल्ह्यातच, पाग्यांच्या तासगावाला लागून असलेल्या खानापूर तालुक्यात झाला. १९८२ च्या गिरणी संपाने मुंबईतले कामगार गावी परतले होते. गावी पुन्हा दुष्काळ होता आणि रोजगार हमीवर पुन्हा खडी होती. कायदा आला, पण हातात हातोडीच. या वेळी मजुरांना मोर्चा कसा काढायचा ते गिरणगावाने शिकवलेलं होतं. मुक्ती संघर्ष चळवळीने त्यांना संघटित केलं. मजुरीची मागणी झाली, आणि तिच्याबरोबर एक नवी: खडी फोडणार नाही, दुष्काळ हटेल असं काम द्या. गावोगाव विज्ञान मेळावे भरले. कुठला ओढा कुठे अडवायचा, पीकपद्धत कशी बदलली, जुनी झाडी कुठे होती, हे म्हाताऱ्यांना विचारून नोंदवलं गेलं. के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते मदतीला आले.

येरळा नदी तोवर वर्षातला बराच काळ कोरडी पडत होती आणि तिच्या पात्रातली वाळू ठेकेदार ट्रकने नेत होते. लिलावाचा पैसा सरकारजमा होई, नफा ठेकेदाराचा. वाळू गेली की पाणी धरणारा थरही जाई, आणि काठच्या विहिरी आणखी आटत. बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी उपसा अडवला आणि मागणी केली, की मोजकी वाळू आम्हाला विकू द्या, त्या पैशात आम्ही नदीवर धरण बांधतो. प्रशासनाचा पहिला जवाब नकाराचा होता. गावाने नदीवर बंधारा घालणं कुठल्याच नियमात बसत नव्हतं. कचेऱ्यांवर धरणी झाली, वाद झाले, नकाशे पुढे ठेवले गेले, शेवटी परवानगी मिळाली. वाळूचे पैसे, लोकांच्या वर्गण्या आणि गावच्या व बाहेरून आलेल्या पोरांचं श्रमदान यांवर ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात धरण उभं राहिलं. जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याचा राजा म्हणून ज्याला उभा केला त्याचं नाव त्याला दिलं: बळीराजा स्मृती धरण. पाणी वाटपाचा नियम आधीच ठरला होता. भूमिहीनांसह प्रत्येक घराला समान वाटा.